अठरावा प्रश्न

"मॅडम, ह्यात कुठल्या चौकटीत खूण करू?" शालननं विचारलं.

"जे खरं असेल त्यात," मी म्हटलं.

तिनं कागद गुडघ्यावर घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. प्रश्नावली माझीच होती. सतरा प्रश्न, सायक्लोस्टाइल केलेले, दुसऱ्या पानावर शाई जरा फिसकटलेली. आठवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता : महाविद्यालय अर्धवट सोडण्याचे कारण. त्याखाली पाच चौकटी. आर्थिक अडचण, विवाह, घरातील जबाबदारी, अभ्यासात नापास, शिक्षणाची आवड नाही. या पाच चौकटी ठरवायला मी आठवडा घातला होता, आणि यांच्या बाहेरचं कारण भूतलावर असूच शकत नाही अशी माझी खात्री होती.

ही चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. आमच्या प्राचार्यांना, निंबाळकर सरांना, आकड्यांचा भारी नाद. एका सभेत त्यांनी फळ्यावर लिहिलं, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला साठ, तिसऱ्या वर्षाला पंचवीस. मग खडू खाली ठेवून विचारलं, "मधली पस्तीस कुठं जातात?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. 'गळतीची कारणे आणि उपाय' असा विषय, सहा महिने मुदत आणि मदतीला लोहारमामा.

लोहारमामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. सकाळी कॉलेजचं फाटक उघडायचं, संध्याकाळी लॅबला कुलूप लावायचं आणि मधल्या वेळात आमची मोडकी उपकरणं चालती ठेवायची, हे त्यांचं काम. तालुक्यातली एकेक वाडी त्यांना ठाऊक होती. बोलायचे कमी, पण बोलले की नेमकं वर्मावर. सोडून गेलेल्या मुलांच्या घरी आम्ही दोघं एस.टी.नं जायचो, तेव्हा त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात त्या मुलांची जर्नलं.

जर्नल म्हणजे प्रयोगवही. वर्षाचे सगळे प्रयोग तिच्यात लिहायचे, प्रत्येकावर शिक्षकाची सही घ्यायची, आणि सगळ्या सह्या झाल्या की शिक्षक पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही करतो. ती सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. सोडून गेलेल्यांपैकी ज्यांची जर्नलं अपुरी होती ती आमच्या कपाटात पडून होती, म्हणून आधी त्यांच्याच घरी जायचं ठरलं. "ज्याची वस्तू त्याला दिलेली बरी. कपाटात जागा न्हाई," असं मामांचं म्हणणं. मला ते पटलं, कारण कपाटात खरोखरच जागा नव्हती.

शालन भिसेचं घर दहावं. बोरजाईवाडीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, पण भिंती अशा सरळ की पट्टी लावून बघावं. तिचे वडील गवंडी होते. ते शेजारच्या मळ्यात विहिरीचं बांधकाम करत होते आणि दिवस मावळता घरी येणार होते. घरात शालन आणि तिची आई. आईनं मला बसायला घोंगडी अंथरली, चहा ठेवला आणि मी न विचारताच सांगितलं, "रविवारी पाव्हणं यायचं हायती हिला बघायला. मुलगा कारखान्यावर हाय."

शालन मान वर न करता कागद वाचत राहिली.

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. खरं तर मी माहिती गोळा करायला आले होते, माझं काम कागद भरून घेण्याचं. पण शालन माझी विद्यार्थिनी होती. तिच्या बॅचमध्ये आलेख काढावा तर तिनंच. अशी मुलगी आदल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला आलीच नाही. तिचं जर्नल अपुरं होतं, तीन पानांवर माझ्या लाल रेघा होत्या, आणि तिनं ते प्रयोग पुन्हा केले नव्हते. मला तेव्हा राग आला होता. एवढी हुशार मुलगी, तीन प्रयोगांचा आळस करते म्हणजे काय?

"शालन," मी म्हटलं, "परीक्षेचा फॉर्म भरायला अजून नऊ दिवस आहेत. मागच्या वर्षीची तुझी टर्म धरता येईल. जर्नल तेवढं पूर्ण करावं लागेल. बस ना परीक्षेला."

"आता काय मॅडम," ती हसून म्हणाली. "झालं ते झालं."

आणि तिनं पाचव्या चौकटीत खूण केली. शिक्षणाची आवड नाही.

आता या लाल रेघांबद्दल सांगायला हवं. प्रयोगाचं रीडिंग चुकलं, की मी त्या पानावर वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारायची आणि लिहायची, 'पुन्हा करा'. दुसरीकडे मुलं जुन्या वहीतून रीडिंग उतरवायची आणि शिक्षक डोळे मिटून सह्या करायचे. माझ्या लॅबमध्ये ती सोय नव्हती. पण मी नुसती रेघ मारून मोकळी होणारी बाई नव्हते. मुलांना प्रयोग पुन्हा करता यावा म्हणून मी रोज संध्याकाळी पाच ते सहा लॅब उघडी ठेवायची. तो तास वेळापत्रकात नव्हता, कुणी सांगितलाही नव्हता. माझ्या मुलीला शाळेतून शेजारच्या काकू घरी आणायच्या आणि मी दिवेलागणीला घरी पोचायची. याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठ पुष्कळ थोपटून घेत असे. कधीकधी सभेत, उघडपणेही.

शालननं उरलेले प्रश्न पटापट भरले. मामांनी पिशवीतून तिचं जर्नल काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं नाही. ओढणीनं वरची धूळ पुसली आणि फळीवर ठेवून दिलं, आणि ते ठेवताना पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. आवड नसलेली मुलगी असं करत नाही, एवढं मला कळलं. पण माझ्याकडे पाच चौकटी होत्या आणि पाचवीत खूण झालेली होती.

"चला मॅडम," मामा म्हणाले. "साडेपाचला गाडी येईल. तीच माघारी फिरती."

शालन आम्हाला पोचवायला आली. गाडी पाण्याच्या टाकीखाली थांबायची. तिथं उभ्याउभ्या मी तिला उपदेश केला. शिक्षण अर्धवट टाकू नये, जिद्द ठेवावी, संधी पुन्हा येत नाही. ती "व्हय मॅडम, व्हय मॅडम" म्हणत राहिली. मामा टाकीच्या खांबाला टेकून तंबाखू मळत होते आणि माझ्याकडे अजिबात बघत नव्हते.

गाडी आली. सात-आठ माणसं उतरली आणि त्यांत आमच्याच कॉलेजची तीन मुलं निघाली, पहिल्या वर्षाची. मला बघून दचकली. एकीचं नाव मला आठवत होतं, कारण कालच तिच्या जर्नलमध्ये मी लाल रेघ मारली होती.

"काय गं," मी म्हटलं, "तुला लोलकाचा प्रयोग पुन्हा करायला सांगितला होता. पाचला लॅबमध्ये यायचं सोडून तू इथं?"

तिनं खाली बघितलं. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, ही पावणेपाचाची गाडी हाय."

"मग पुढच्या गाडीनं यायचं."

"पुढची न्हाई, मॅडम. हीच शेवटची."

मुलं चपला फरफटत घराकडे गेली. मी तिथं उभी राहून हिशेब करत होते, आणि फिजिक्सच्या बाईला तो करायला लाज वाटावी इतका सोपा होता. प्रॅक्टिकल सव्वाचारला सुटतं. गाडी पावणेपाचाला सुटते. माझी लॅब पाचला उघडते.

"शालन," मी विचारलं, "तू ते तीन प्रयोग का केले नाहीस?"

"जाऊ द्या ना, मॅडम."

"गाडीमुळं?"

ती गाडीकडे बघायला लागली.

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का? एका शब्दानं?"

शालननं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "कसं सांगायचं, मॅडम? तुम्ही घरी जायचं सोडून आमच्यासाठी थांबायचा. तुमची लेक वाट बघत असायची, आम्हाला सगळं ठाऊक व्हतं. एवढं करणाऱ्या माणसाला तुमची वेळ चुकली म्हणून तोंडावर कसं म्हणायचं? मला न्हाई जमलं."

मी मामांकडे वळले. "मामा, तुम्हाला हे माहीत होतं?"

मामांनी तंबाखू झटकली. "सकाळी फाटक मीच उघडतो, मॅडम. ह्या वाटंची पहिली गाडी आठला येती. दुसरी दुपारी. म्हणून ही पोरं आठला येत्यात आणि अकरापर्यंत पायरीवर बसून असत्यात." मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि उरलेलं एक जर्नल बाहेर काढलं. "आपण दहा घरं केली, अजून एक राह्यलंय. धरून अकरा. सगळी ह्याच गाडीची."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"इचारलं कुठं तुम्ही? सतरा प्रश्न इचारता. त्यात ह्यो न्हवता."

कंडक्टरनं दारातून हाक मारली, "मॅडम, यायचंय ना? गाडी सुटली."

मी म्हटलं, "तुम्ही जा."

"आवो, नंतर गाडी न्हाई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आत्ताच कळलं मला."

गाडी गेली. मामांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि माझ्या पुढं चालायला लागले. शालन मात्र घाबरली. "मॅडम, घरी काही बोलू नका. अण्णांना मी नापास झाले म्हणून सांगितलंय."

"का?"

"मग काय सांगणार? तुमचं नाव घेऊ?"

तिचे अण्णा नुकतेच आले होते. दारात बादलीतल्या पाण्यानं हातांचा चुना धूत होते. उंच, हडकुळा माणूस. मी परत आलेली बघून त्यांनी घाईघाईनं डोक्याला पटका गुंडाळला. "या की मॅडम. गाडी चुकली व्हय?"

"चुकली नाही, सोडली," मी म्हटलं. "तुमच्याशी बोलायचंय."

वर्गात साठ मुलांपुढं मी तासन्तास बोलले आहे, पण त्या दारात माझं पहिलं वाक्यच जुळेना. शिक्षकानं पालकाला काय सांगायचं असतं ते मला पाठ होतं. हे त्यात नव्हतं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सांगितलं. "शालन नापास झालेली नाही. ती परीक्षेला बसलीच नाही. तिला तीन प्रयोग पुन्हा करायला मी सांगितलं आणि त्यासाठी वेळ दिली संध्याकाळी पाचची. पाचला तुमच्या गावाला यायला गाडी नसते. मी ते कधी विचारलं नाही. चूक तिची नाही, माझी आहे. तिचं वर्ष माझ्यामुळं गेलं."

आत चुलीपाशी शालनची आई उभी राहिली होती. अण्णा ओले हात झटकत माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस मला दारातूनच परत लावून देईल, आणि तो त्याचा हक्क होता.

ते शालनकडे वळले. "नापास झाले म्हणालीस मला."

"व्हय."

"मी वर्षभर तुझ्याशी धड बोललो न्हाई."

अण्णांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आमच्यात भिंत वळंब्यात सरळ नसली तर आम्ही पाडतो आणि पुन्हा बांधतो. त्याचं काय न्हाई. पण चुकलं कुणाचं, गड्याचं का मिस्त्रीचं, ते मिस्त्री कधी सांगत न्हाई. मी बी कधी सांगितलं न्हाई."

"हिचं वर्ष वळंब्यात आणायला किती दिवस लागतील?" त्यांनीच पुढं विचारलं.

"तीन दिवस. रोज एक प्रयोग. सकाळी सव्वाआठला लॅब उघडी असेल. सकाळच्या पहिल्या गाडीनं तिला पाठवा."

"आणि रविवारचं?" आई आतून म्हणाली.

"रविवारचं रविवारी बघू," अण्णा म्हणाले. "त्यांना सांगू, पोरीची परीक्षा हाय. थांबणारं असतील तर थांबतील."

त्या संध्याकाळी मी दुधाच्या गाडीतून तालुक्याला आले. ड्रायव्हरशेजारी मी आणि मागं कॅनांच्या गर्दीत लोहारमामा. वाटेत गाडी प्रत्येक वाडीवर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर मागून मामांचा आवाज येत होता, "मॅडम, ह्या वाडीची दोन." "मॅडम, हितली एक." गळतीवरचं माझं संशोधन त्या गाडीत पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला मी लॅबच्या दारात होते. शालन आली. पायरीवर बसणारी बाकीची मुलंही मामांनी हाकलत आत आणली. शालननं तीन दिवसांत तीन प्रयोग केले. शेवटच्या दिवशी मी तिच्या जर्नलमधल्या लाल रेघांखाली सह्या केल्या आणि पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही केली. तिनं ती सही वाळेपर्यंत वही उघडी धरून ठेवली. त्यानंतर माझी लॅब संध्याकाळी पाचला कधी उघडी राहिली नाही, आणि माझ्या मुलीला शाळेतून आणायला मी स्वतः जायला लागले. म्हणजे माझाही फायदाच झाला.

अहवाल लिहिताना आठव्या प्रश्नाखाली मी सहावी चौकट काढली : शिक्षकाने दिलेली वेळ आणि गाडीची वेळ जुळत नाही. अकरा विद्यार्थी. निंबाळकर सरांनी वाचून चष्मा काढला. "वाळिंबे मॅडम, शिक्षक कोण ते लिहायलाच हवं का?"

"लिहिलंय सर. खाली सही आहे."

त्यांनी ते तसंच छापलं. अकरांपैकी सात जण परत आले. चौघांच्या आयुष्याची गाडी तोवर पुढं गेली होती, आणि त्या चौघांची नावं मला आजही पाठ आहेत. शालन परत आली, पास झाली. कारखान्यावरचा तो मुलगा थांबला नाही. शालन पुढं एम.एस्सी.ला गेली, एवढं कळलं, आणि मग माझी बदली झाली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मला एका लांबच्या तालुक्याच्या कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून जायचं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेला एक परीक्षक कॉलेजातला असतो आणि एक बाहेरचा. कॉलेजातल्या परीक्षक बाई दारातच उभ्या होत्या. डोक्यात दोन-चार पांढरे केस, खांद्याला पर्स. पाया पडायला वाकल्या तेव्हा मी ओळखलं.

"शालन?"

"व्हय मॅडम," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच हसली, कारण एरवी ती आता 'हो' म्हणत असणार.

दिवसभर काम चाललं. मला तिच्याशी खूप बोलायचं होतं. म्हणायचं होतं, की तू त्या दिवशी टाकीखाली जे बोललीस त्यानं मी शिक्षिका झाले, त्याआधी नुसती कडक बाई होते. लोहारमामांचेही आभार मानायचे राहिले होते. ते आता नव्हते. पण एकामागून एक मुलं येत होती, मी तोंडी प्रश्न विचारत होते आणि शालन गुण मांडत होती. तिची हजेरीची वही टेबलावर उघडी पडली होती. प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं काहीतरी बारीक लिहिलेलं होतं. मला वाटलं, गुण असतील. चष्मा सारून बघितलं. ४.४५. ५.१०. ६.००. सायकल. ४.४५. वसतिगृह.

मी ती पानं उलटत राहिले. माझ्या सतरा प्रश्नांत जो नव्हता, तो प्रश्न तिनं एकेका मुलाला विचारला होता.

चार वाजत आले. यादीप्रमाणे पुढचा नंबर बोलवायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शालन घड्याळाकडे बघून वाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पण त्या मागच्या तिघींना आधी घेऊ या. त्यांची गाडी पावणेपाचाची आहे."

मी त्यांना आधी घेतलं.